काकूंच्या गुडघ्यातल्या पेशी

सांध्यांवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. बत्तीस वर्षं त्या पेशी वाढवत आल्या होत्या. शेजारच्या रुग्णालयात कुणाचा गुडघा बदलला, की काढून टाकलेली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची ती गुळगुळीत पांढरी गादी, डबीतून त्यांच्याकडे यायची. डबीवर नाव नाही, फक्त नंबर आणि तारीख. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या द्रवातून जे झिरपेल त्यावर तिथल्या पेशींनी गुजराण करायची, तीही आपापल्या खोबणीत, एकेकटीनं. नवीन माणसाला हे समजावताना काकू म्हणत, "माझ्यासारख्याच आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात." लोक हसत. काकूंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

सांध्याला सूज आली की तिथे दाहाचा निरोप देणारी प्रथिनं सुटतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमांचा अंदाज होता, की असा निरोप मिळाला की पेशी मलूल होतील आणि ग्लुकोज कमी घेतील. काकूंनी ते प्रथिन पेशी वाढवायच्या बशीत टाकलं, पेशी किती घेतात ते दिसावं म्हणून हिरवं चमकणारं ग्लुकोज दिलं आणि बघितलं, तर झालं भलतंच. पेशींनी ते कमी नाही, जास्त घेतलं होतं.

"बशांची अदलाबदल झाली असेल, काकू," मॅडम म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

काकूंनी प्रयोग आणखी तीनदा केला. तिन्ही वेळा तेच. तो कागद मॅडमांच्या खणात गेला आणि तिथेच राहिला.

पुढे काकूंचाच गुडघा बदलायची वेळ आली. जिना चढताना त्या कठड्याला अशा लटकत, की बघणाऱ्याला धाप लागावी. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मीच," काकू म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "आज गुडघ्याच्या तुम्ही एकट्याच आहात, निवांत करू." मग काढलेली कूर्चा संशोधनाला द्यायचा कागद पुढे आला. असे हजारो कागद काकूंनी पाहिले होते. त्यांनी न वाचता सही ठोकली.

दोन महिन्यांनी त्या कामावर परतल्या, तेव्हा गोठवून ठेवलेला एक नमुना मॅडमांनी त्यांच्या हाती दिला. त्यांनी पेशी वितळवून बशीत ठेवल्या आणि नोंद करायला वही उघडली. नमुन्याची तारीख त्यांच्याच शस्त्रक्रियेची होती, आणि त्या दिवशी गुडघ्याच्या त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बशीला छान चिकटलेल्या दिसल्या. गोल, टवटवीत. गुडघा झिजून गेला तरी या तग धरून होत्या. कितीतरी वर्षांत आपल्या रक्तामांसाचं असं कुणी काकूंच्या समोर नव्हतं. "जेवलात का गं?" त्या पुटपुटल्या आणि दचकून मागे कुणी आहे का ते बघितलं.

स्वतःच्या पेशींवर काम करायचं नाही, हा तिथला नियम. चुकून सुई टोचली आणि त्या पेशी अंगात गेल्या, तर शरीर त्यांना परकं समजत नाही, अडवतही नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला काकूंनीच हे पढवलं होतं. तरी दोन दिवस त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी मॅडमांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तो नमुना माझा आहे."

मॅडमांनी तारीख पाहिली. "मग दोन दिवस काय करत होतात?"

"बघत होते," काकू म्हणाल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. दहा वर्षांत बशीला हात न लावलेल्या त्या बाई खणातला तो जुना कागद काढून स्वतः हातमोजे चढवून बसल्या. काकूंना त्या खोलीत यायला मनाई झाली. चार दिवसांनी मॅडम दोन चित्रं घेऊन आल्या. साध्या पेशी मिणमिणत्या होत्या, दाहाचा निरोप मिळालेल्या हिरव्यागार.

"जवळजवळ दुप्पट घेतात," मॅडम म्हणाल्या. "जास्त खातात आणि भोवतालची गादीच पोखरायला लागतात. तुमचं बरोबर होतं, काकू. मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

"आता कुठे आहेत त्या?"

"काम झालं ना. टाकल्या."

काकूंनी मान हलवली. आजवर किती बशा त्यांनी स्वतःच्या हातानं ब्लीचमध्ये ओतल्या होत्या! त्या बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या.

रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, गुडघा काय म्हणतोय?"

"वाकतोय. अगं, एक गंमत सांगायचीय तुला…"

"थांब हं, दारात कुणीतरी आलंय. करते परत."

त्या दिवशी परत फोन आला नाही. काकूंनीही केला नाही.

वर्षभरानं शोधनिबंध छापून आला. वर लेखकांच्या यादीत काकूंचं नाव तिसरं होतं. अगदी खाली बारीक अक्षरांत, कूर्चा देणाऱ्या अनाम रुग्णांचे आभार मानले होते. काकूंनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या, निबंध घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नव्या गुडघ्यानं सावकाश जिना उतरल्या.