फाटकाशी थांबणारी

गुडीहत्नूरला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी ती म्हातारी बाजारातून परतताना दर फाटकाशी थांबायची. खांबावर हात ठेवून खुशाली विचारायची. लोक म्हणत, बाई मोठी मायाळू. माझी पत्नी गेल्यावर दिवसभरात माझ्याशी बोलणारी तीच एक उरली होती. "जेवले का गुरुजी? भाजी कायची केली?" विचारायची आणि उत्तर पूर्ण ऐकूनच निघायची.

हिवाळ्यात मी शुगरच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात गेलो, तेव्हा ती बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेली होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला दारातून येताना पाहिलं आणि गोळ्या देण्याआधी आपल्याबरोबर व्हरांड्यातून चालायला लावलं. अर्ध्यावर तिनं खांब धरला.

"तुमची माय कुठं राह्यते, बाई?"

"अम्मा, आता बोलायचं नाही. फक्त चाला."

"बोलल्याबिगर कसं चालू वं?" ती हसली, पण पाय उचलेना.

मग तिला एका यंत्रात फुंकायला लावलं. चुलीच्या धुरानं तिच्या श्वासनळ्या कधीच्याच अरुंद झालेल्या निघाल्या. तिला तोंडानं ओढायचा पंप मिळाला.

आता ती बरीचशी गल्ली न थांबता पार करते. "बरं वाटून राह्यलं, गुरुजी," चालता चालताच सांगते. मला मनापासून आनंद होतो. तरी संध्याकाळी तिची चाहूल लागली की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो, आणि आज वांगी केली हे सांगेपर्यंत ती पुढे गेलेली असते.