बैलाच्या मागे

भाद्रपद अमावास्या, आमच्याकडच्या पोळ्याचा दिवस. सकाळी सात वाजता रिहे गावातल्या माहेरच्या गोठ्यात मी काचेच्या तुकड्याने बैलाची शिंगं तासत होते. हे काम वडिलांचं. ते ज्येष्ठात गेले.

माझा जन्म पोळ्याचा. कागदावर मात्र एक जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली, वडील म्हणाले, "पोळा." गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. त्या दिवशी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो, घरचेही तीच तारीख धरतात. पोळ्याचा वाढदिवस पाळायचे ते एकटे वडील. संध्याकाळी बैल मिरवून आले की ते आधी बैलांच्या कपाळाला कुंकू लावायचे, मग त्याच ताटातलं माझ्या. मी पुढे घुसले की म्हणायचे, "थांब गं. आधी राबणारा, मंग खाणारी."

लग्न होऊन कासार आंबोलीला गेले, पन्नाशी ओलांडली, तरी दर पोळ्याला इथे येऊन बैलांच्या मागे कुंकवाला उभी राहिले.

यंदा दुखवट्यामुळे घरात सण नव्हता. पुरण शिजणार नव्हतं. त्याच अमावास्येला पितरांना जेवू घालतात. त्यातही वडिलांचं पान नव्हतं, कारण त्यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं.

भाऊ चहा घेऊन आला.

"आक्का, रंग नगं लावू."

"नाही लावत. नुसती तासतेय."

"तास. उद्या उरवड्याचा माणूस येतुया. त्याच्या बैलाला जोड पायजे."

आमच्या जोडीतला दुसरा बैल उन्हाळ्यात मेला होता. तेव्हापासून हा बसून होता.

"मग पुढल्या पोळ्याला मी कुठे यायचं?"

"हितंच ये की. घर तुजंच हाय."

मी घराचं विचारलं नव्हतं. पण समजावत बसले नाही. भाऊ कारखान्यात पाळीवर जातो, शेताला ट्रॅक्टर सांगतो. भावजयीचे गुडघे गेलेत. एकट्या बैलाला वैरण घालायची कोणी? माझ्याकडे तर शेळी बांधायला जागा नाही. "दे," मी म्हणाले.

"आता हितं राबणारा कोण न्हाई. समदेच खाणारे," भाऊ म्हणाला. हसायला गेला आणि नुसताच कप उचलून निघून गेला.

संध्याकाळी शेजारीण पुरणपोळ्या देऊन गेली. दुखवट्याच्या घराला शेजारचं पुरण चालतं. एक पोळी बैलाला घातली. त्याने खाल्ली, माझा हात चाटला. मग मी सवयीने त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे.

"वन्सं, शेणात हुब्या हायसा," भावजय दारातून म्हणाली. "पुढं या की."

पाय धुतले आणि माझी पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस आला. त्याने दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, ठरलं. जनावर विकलं तरी दावं कोणी देत नाही, म्हणून त्याने स्वतःचं आणलं होतं. आमचं दावं मी सोडलं आणि खुंटीला अडकवलं. बैल निघाला. ओढ्यापर्यंत मी त्याच्या मागे चालत गेले. मग परत येऊन गोठा झाडला आणि नऊची एसटी धरली.