तुतीचा अर्क आणि आक्का

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन सांगलीला गेली आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं ते सुटलंच. मी साताऱ्यात फार्मसी शिकत होतो, म्हणजे घरातला शहाणा मीच. एका लग्नाच्या पंगतीत मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "आक्का, ही कितवी जिलबी?" पंगत हसली. तीही हसली, पण जिलबी तशीच टाकून पानावरून उठली.

पुढं पीएच.डी.साठी माझ्या वाट्याला उंदीर आले. त्यांना तुपकट खाणं घालून लठ्ठ करायचं आणि निम्म्यांना तुतीचा अर्क पाजायचा. तुतीच्या जांभळ्या रंगातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं चरबीतली सूज उतरवतात का, एवढंच बघायचं होतं. काहींची थोडी उतरली, काहींची नाही. पण रोज वजनं करताना मला वेगळंच दिसत होतं. एकाच पिंजऱ्यातले, तेच खाणारे दोघं. एक फुगायचा, दुसरा नाही. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, ही सूज आतल्या आत धुमसत राहते, सगळ्या शरीराचा कारभार बिघडवते. नुसतं हावरट म्हणून भागत नाही.

त्या रविवारी पाचगणीहून तुतीचे दोन डबे आणले आणि सांगलीची एसटी धरली. आक्काला सगळं समजावलं. हे काही औषध नाही, तुझ्या बीपीच्या गोळ्या चालूच ठेव, असंही सांगितलं. मग पंगतीतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली.

"आरं, तू ल्हान हुतास तवा," ती म्हणाली. "पण आता कुणाम्होरं घास उतरत न्हाई मला."

त्या पंगतीनंतर इतक्या वर्षांत मी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आम्हाला वाढून झालं की ती स्वयंपाकघरात एकटीच बसायची. तुतीसुद्धा तिनं वाटीत घेऊन आत नेली.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. दवाखान्यात मी उशाशी होतो. जेवण वाटणाऱ्या मावशी ताट ठेवून गेल्या, तशी आक्का मला म्हणाली, पाणी घेऊन ये. बाटली भरलेली होती. मी ती उचलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. ताटात चमचा वाजायचा थांबेपर्यंत आत गेलो नाही.

चार दिवसांनी ती गेली.