कॅरमखोलीतली शिवीबंदी

रविवार, सकाळी अकरा. स्थळ: परळच्या आमच्या चाळीची कॅरमखोली. हजर: सेक्रेटरी म्हणजे मी, मी ओढून आणलेला नवरा आणि कॅरम खेळणारे दोघे. गैरहजर: तिसऱ्या मजल्यावरचे काका. बैठक त्यांच्यासाठीच होती.

काका मालवणी, गिरणीतून निवृत्त, घरात एकटे. सोंगटी हुकली की शिवी ठरलेली. मध्यंतरी एका नेत्याने भर सभेत शिवी हासडली आणि सगळ्या चॅनेलवर तीन दिवस तेच. सुधारणा घरापासून व्हावी म्हणून मी खोलीत सूचना लावली: शिवी दिल्यास आठवडाभर खेळबंदी. पहिले सापडले काका. आठवडा संपला तरी ते उतरले नाहीत. चार माणसांशी बोलायची त्यांची तेवढीच जागा होती.

"वहिनी, बोलवा ना त्यांना," एक खेळाडू म्हणाला. "गेम शोकसभेसारखा वाटतो."

"आधी लेखी माफी," मी.

तेवढ्यात अंगणात एका चॅनेलची मुलगी आली, कॅमेरावाल्यासकट. नेत्याच्या शिवीवर प्रतिक्रिया हवी होती. माझे मुद्दे लिहून तयार होते.

"मॅडम, नेमका कशावर आक्षेप आहे?"

नेमकं विचारलं की मी नेमकंच सांगते. मुद्दा पहिला: शब्द. तो मी अख्खा उच्चारला, कॅमेऱ्यात बघून.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकांचा आवाज आला, "बाये, उच्चार चुकलो तुझो! दुसऱ्या अक्षरार जोर येता!"

सगळी चाळ हसली. नवरा सगळ्यात आधी.

संध्याकाळी टीव्हीवर माझ्या तोंडावर बीप आणि खाली पट्टी: 'परळच्या गृहिणीचाही तोल सुटला'. बाकीचे मुद्दे कापलेले. इतकी वर्षं नोकरी करतेय, 'गृहिणी' शब्दाविरुद्ध निषेधाचं पत्र लिहायलाच बसले.

"नियमाने तुलाही आठवडा बंदी," नवरा म्हणाला. "माफीनामा कुणाकडे देणार? सेक्रेटरीकडे?"

सूचना काढली. माफीची अट रद्द केली, तशी इतिवृत्तात नोंदही केली. काकांना कळवायला नवऱ्याला पाठवलं. ते त्याला म्हणाले, "सूचना तिणा लावल्यान. आता बोलवूक पण तीच येवंदे."

मी दोनदा गेले. एकदा दुसऱ्या मजल्यावरचा नळ गळतोय का ते बघून परतले. दुसऱ्यांदा त्यांच्या दारापर्यंत पोचले, आणि बोलायचे मुद्दे खाली राहिलेत म्हणून मागे फिरले. मुद्दा एकच आहे: "काका, चला." तो अजून सांगायचा आहे.