चुलीच्या तोंडावरचं पोतं

घरात गॅस आहे, तरी आमचं रविवारचं मटण परसातल्या चुलीवरच शिजतं. चुलीला पत्र्याचं धुराडं आहे. ते वेळच्या वेळी झाडलं नाही, की आतली काजळी पेटते आणि विहिरीवरची मोटार सुरू झाल्यासारखा आवाज येतो. मग सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्तींचा, ठरलेला उपाय. पेटती लाकडं बाहेर ओढायची, निखाऱ्यावर मूठभर खडेमीठ फेकायचं आणि चुलीच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरायचं. वरचं पातेलं उचलायचं नाही, तिथून वारा शिरतो. पाणी तर ओतायचंच नाही.

पोतं आत्तीच धरायच्या. लग्न होऊन आल्यापासून लाकडं मी ओढली, मीठ मी फेकलं, पण पोत्याला त्यांनी कधी हात लावू दिला नाही. "थोरले, बाजूला हो," एवढंच म्हणायच्या. मी मनाशी धरून चालले होते, की त्यांचे हात थकले की पोतं आपसूक माझ्याकडं येणार.

दिवाळीनंतर एका रविवारी धुराडं पेटलं. आत्तींचा खांदा आखडला होता. मी पोतं भिजवून तयारच उभी. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि धाकटीला दिलं.

धाकटी माझी जाऊ, कुरुंदवाडची, अगदी परवा परवा आलेली. सणाला माहेरी जाते, पिशव्या भरून आणते. रोज संध्याकाळी आईशी फोनवर तासभर बोलते, आज भाजी काय केली इथपासून. मला ते बघवत नाही, खोटं कशाला बोलू? माझे आईबाप कधीच गेले. मलकापूरला आमचं घर होतं तिथं आता दुसऱ्या कुणाची पानटपरी आहे.

धुराड्याचा आवाज थांबला आणि हिनं पोतं जरा लवकरच सोडलं. वाफ मनगटावर आली, टचकन फोड उठला. मला बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी विचारलंच, "आत्ती, मी एवढी वर्षं हितं हाय. पोतं तिला का दिलंसा?"

त्या पातेल्याच्या बुडाची काजळी राखेनं खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला भाजलं तर तिची आई पळत येती. तुला भाजलं तर कोण येणार हाय?"

इतकी वर्षं मला बाजूला काढताना त्यांच्या मनात हे होतं. डोळे भरून आले आणि मी ते भांड्यांच्या पाण्यानंच धुतले.

संध्याकाळी धाकटीची आई खरंच आली. एसटीनं, पिशवीत कोरफडीचं पान आणि डब्यात बासुंदी घेऊन. लेकीचा हात मांडीवर घेऊन ती त्या फोडावर फुंकर घालत बसली, लहान पोराला घालतात तशी. मी चहा घेऊन गेले. कप ठेवताना पोतं माझ्या ध्यानातही नव्हतं. मला तो फोड हवा होता.