मास्तरणीची मान
तर मास्तरणीच्या इंग्रजीच्या वर्गातला तो स्वयंपाकी उभा राहिला, इथपर्यंत आपण काल आलो होतो. उभा राहिला, पँटला हात पुसले, घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हणाला, "काल मी बाजारात गेलो..." एवढं म्हणून त्याने मास्तरणीकडे पाहिलं आणि हवा गेल्यासारखा मटकन खाली बसला.

"बोला ना!" मास्तरीण म्हणाली. "छान चाललं होतं. बाजारात गेलात, मग?"

"काही नाही, बाई. परत आलो."

झालं! वर्ग पुन्हा चिडीचूप.

मास्तरीण म्हणजे आपल्याकडचीच मुलगी. नाव चांगलं ठेवलेलं आहे, पण लहानपणी बाहुल्यांना ओळीने बसवून फूटपट्टी दाखवायची, तेव्हापासून घरात ती मास्तरीणच. इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, बी.एड. झाली आणि परदेशात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला गेली. वडील तेव्हा म्हणाले होते, "इंग्रजी न येणारी माणसं इथे काय कमी पडली? बघ, वर्षभरात गाशा गुंडाळून परत येशील." ते वाक्य तिला जेवताना घासागणिक टोचायचं. आता वर्ष सरत आलं होतं. करार वाढवायचा की नाही, हे संस्थेच्या प्रमुख बाई ठरवणार होत्या आणि त्यांनी एकच अट घातली होती: "शुक्रवारी मी मागे बसून तास बघेन. वर्ग बोलता झालेला दिसला पाहिजे."

बोलता! आणि वर्ग कसा, तर अंत्ययात्रेला आल्यासारखा. पहिल्या बाकावर हा स्वयंपाकी, त्याच्यामागे बस चालवणारी एक धिप्पाड बाई, खिडकीपाशी दातांचा डॉक्टर, मग इतर. दातांचा डॉक्टर दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावायचा, पण वर्गात त्याचं स्वतःचं तोंड म्हणून उघडायचं नाही. मास्तरणीने काय काय केलं! चित्रं दाखवली, चिठ्ठ्या टाकल्या, दुकानदार आणि गिऱ्हाईक असा खेळ मांडला. प्रत्येक जण उठायचा, अर्धं वाक्य बोलायचा, तिच्याकडे पाहायचा आणि कोमेजायचा.

बरं, वर्गाबाहेर तरी सुख म्हणाल, तर तेही नाही. कपडे धुण्याच्या दुकानावर तिची खोली. खाली यंत्रं फिरायला लागली की वर बशीत कप थरथरायचा. फोडणी घातली रे घातली की छतावरची धुराची घंटा बोंब ठोकायची, म्हणून बिचारी वर्षभर उकडलेलं खात होती. संस्थेच्या दारात जाहिरातीचा फलक, त्यावर सोनेरी केसांचा एक गृहस्थ हसत उभा. हा गृहस्थ संस्थेत कुणी कधी पाहिलेला नाही, पण नवीन आलेला प्रत्येक माणूस त्यालाच शोधायचा.

"इंग्रजीचे सर कुठे आहेत?"

"मीच इंग्रजी शिकवते."

"हो हो. पण सर कधी येतील?"

आता यावर माणसाने हसावं की फलकावर डोकं आपटावं?

रविवारी तिने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. आई-वडिलांपाशी रडायची सोय नव्हती, म्हणून सगळी मळमळ आजोबांपाशी निघायची. त्या दिवशीही ती अर्धा तास धुमसली. प्रमुख बाईंना बोलली, यंत्रांना बोलली, दातांच्या डॉक्टरला तर फार बोलली. आजोबांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचं ठरलेलं औषध काढलं: गोष्ट. त्यांच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींची. त्या गुरुजींचा दंडक असा की शिकवताना पोरांच्या माना डोलल्या पाहिजेत. मान हलते आहे म्हणजे कान उघडा आहे. मान थांबली की खडू आलाच कपाळावर. आजोबा हेच शिकून मोठे झाले आणि नातीलाही त्यांनी असंच वाढवलं. मांडीवर बसवून गोष्ट सांगायची, नातीची मान थांबली की गोष्ट थांबायची. पोरगी पेंगुळली तरी गोष्टीच्या लोभाने मान हलवत राहायची.

तर आजोबा रंगात आलेले, आणि एकदम मास्तरीण ओरडली, "थांबा!"

"काय झालं गं? दूध उतू गेलं का?"

"आजोबा, माझी मान!"

पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि तो डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, पिकल्या कणसासारखा डुलत होता.

सोमवारी तिने स्वयंपाक्याला गाठलं. "तुम्ही खाली का बसता? खरं सांगा."

तो लाजला. "बाई, मी तोंड उघडलं की तुम्ही मान हलवून नको म्हणता. मग मी कशाला चुकीचं बोलू?"

घ्या! वर्षभर ही मुलगी "वा, छान, पुढे बोला" म्हणत होती आणि वर्गाला दिसत होतं "चूक, चूक, बस खाली."

तिने लगेच वर्गाला समजावलं. आमच्याकडे मान अशी डोलली की त्याचा अर्थ आम्ही मन लावून ऐकतोय. सगळे हसले, सगळ्यांना पटलं. मग बस चालवणारी बाई उठली, दोन वाक्यं बोलली, मास्तरणीची मान डोलली आणि त्या बाईच्या वाक्याला करकचून ब्रेक लागला. "माफ करा," ती म्हणाली, "मला कळतंय, पण पाय आपोआप ब्रेकवर जातो."

मंगळवारी मास्तरणीने मान ताठ ठेवून पाहिली. मानेकडे लक्ष दिलं तर समोरचा काय बोलतोय ते ऐकू येईना, आणि ऐकायला गेली की मान चालू. शिवाय चेहरा असा झाला की दातांच्या डॉक्टरने हळूच विचारलं, "दाढ दुखतेय का?"

बुधवारी तिने हात टेकले. बॅग माळ्यावरून खाली काढली, वडिलांचं ते वाक्य आठवून पुन्हा वर टाकली. गुरुवारी संध्याकाळी रागारागाने औषधांच्या दुकानात शिरली आणि मानेचा पट्टा विकत घेतला.

शुक्रवारी प्रमुख बाई मागे येऊन बसल्या. मास्तरीण पट्टा बांधून आत आली आणि तोंड उघडणार, तोच वर्गात एकच कल्ला!

"बाई, काय झालं? पडलात?"

"मोटारीने धडक दिली का?"

"दिली असणार! हल्ली लोक आरसा बघतच नाहीत!" ही अर्थात बस चालवणारी.

स्वयंपाकी तर उभाच राहिला. "तरी मी म्हणत होतो! माणसाने एवढी मान हलवली की दुखणारच! माझी पण दुखते, बाई. मोठी पातेली उचलून. गरम पाण्याची पिशवी घ्या, उशी काढून टाका, आणि नवऱ्याला सांगा..."

"मला नवरा नाही."

"मग कशाने दुखली?"

वर्ग खो खो हसला. तासभर कुणी कुणाला ऐकेना. दातांच्या डॉक्टरने वाकून वाकून दुखणाऱ्या आपल्या पाठीची कर्मकहाणी इंग्रजीत सुरुवातीपासून सांगितली, चुका करत, न थांबता. मास्तरीण पट्ट्यात अडकून नुसती बघत राहिली. तिने रात्रंदिवस खपून तयार केलेली चित्रं टेबलावर तशीच उपडी पडली होती.

प्रमुख बाई खूश. "करार वर्षभर वाढवते," त्या म्हणाल्या. "अशी आपुलकी मी कुठल्याच वर्गात पाहिली नाही. बऱ्या व्हा लवकर. पट्टा निघाला की मी परत येईन बघायला."

पुढचा आठवडा पट्ट्यातच गेला आणि रविवारी मास्तरणीने आजोबांना हे सगळं सांगितलं, पट्टा बांधूनच. सवय व्हावी म्हणून घरीही तो काढत नव्हती. आजोबा हसून हसून खोकले, पाणी प्यायले आणि पुन्हा हसले. ती मात्र कुकरसारखी फुसफुसत होती. दोन पदव्या पाण्यात गेल्या, तास तरला तो दुकानातल्या पट्ट्यावर. स्वयंपाकी रोज तेलाची बाटली घेऊन येतो, डॉक्टर ओळखीच्या हाडवैद्याकडे नेतो म्हणतो, आणि त्या सगळ्या भाबड्या माणसांच्या तोंडावर रोज खोटं बोलायचं.

"अगं वेडे, त्रागा कशाला?" आजोबा डोळे पुसत म्हणाले. "तुझ्या बापाचं म्हणणं खोटं पडलं ना? मग झालं! फेक तो पट्टा काढून, सांग बरी झाले, आणि मान ठेव सरळ."

त्यावर मास्तरीण म्हणाली, "फेकते हो, आत्ता फेकते! पण मांडीवर बसवून हलवायला शिकवलीत ना तुम्ही ही मान, मग ती थांबवायची कशी तेही सांगा. का तेवढं तुमच्या गुरुजींनी शिकवलंच नाही?"