झोक्याची फांदी

शेजारच्या चाचांच्या कडुनिंबाची एक फांदी भिंत ओलांडून आमच्या पत्र्यावर ठाण मांडून बसली होती. तिच्याखालच्या खोलीत आईची खाट. वारं सुटलं की फांदी पत्र्याला घासायची आणि ऐंशी उलटलेली आई 'राम राम' करत उठून बसायची. एक दिवस फांदीच्या बुडाशी चीर दिसली आणि माझा धीर सुटला.

चाचा सुतार. त्यांना काही सांगायचं तर भिंतीपाशी उभं राहून हाक मारायची, ही लहानपणापासूनची रीत. पण मी पडले निवृत्त मास्तरीण. गल्लीतला प्रत्येक अर्ज माझ्या हातचा, त्याचा तोरा वेगळाच. शिवाय तोंडावर बोलायची भीड वाटली, हेही खरं. मी ग्रामपंचायतीला झकास अर्ज ठोकला. 'शेजारील इसमाच्या मालकीचे धोकादायक झाड' अशी सुरुवात, खाली ठसठशीत सही.

शिपायानं डोकं चालवलं आणि कागद थेट चाचांच्याच हातात नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा करवत, दोर आणि दोन गडी घेऊन हजर. आधी आईला खाटेसकट बाहेर सावलीत आणवलं. मग फांदी दोरानं बांधून हळूहळू खाली उतरवली. पत्र्याला साधा पोचा आला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढून माझ्या हातात दिला.

"काहून लिवलं, पोरी? आवाज द्यायचा न. भिंत केवढी हाये?"

मी अर्जाची घडी उलगडली.

"इसम," ते हळूच म्हणाले. "पन्नास वर्षं चाचा होतो मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते आडव्या फांदीपाशी बसले आणि एका जागी बोट फिरवत राहिले. तिथं सालीत खोल वळ होता. आमच्या दोराचा. पंचमीला वडील कळमनुरीच्या बाजारातून नवा दोर आणायचे आणि याच फांदीला झोका बांधायचे. गल्लीतल्या सगळ्या पोरी रांग लावायच्या. झोका उंच गेला की भिंतीपलीकडे रंधा मारणारे चाचा दिसायचे, त्यांच्या पायाशी पिवळा भुसा. तेव्हा ही खोली नव्हतीच. म्हणजे फांदी आमच्या खोलीवर आली नव्हती, आमचीच खोली तिच्याखाली गेली होती. अर्जात हे लिहायचं मला सुचलं नव्हतं.

"बाकीच्या फांद्या दर साली छाटल्या," चाचा म्हणाले. "हिच्यावर तुमचा दोर असायचा, म्हणून हिला हात लावला न्हाई."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आता पंचमीला झोका कुठं बांधशील?"

खोली बांधून तीस वर्षं झाली होती. तिथं झोक्याला जागा नव्हती, आणि मी साठीची. तरी चाचा माझ्या उत्तराची वाट बघत होते.